पार्श्वभूमी : सौर गुंतवणूक आणि सरकारने दिलेला शब्द

सौर प्रकल्पाला इंधन विकत घ्यावे लागत नाही. बहुतेक खर्च सुरुवातीलाच होतो आणि तो पुढची वीस-पंचवीस वर्षे हळूहळू वसूल होतो. म्हणून वीजदर किती, याच्या इतकाच तो टिकेल का, हा प्रश्न गुंतवणूकदाराला आणि त्याच्या बँकेला महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेने तेलसंकटाच्या काळात, १९७८ मध्ये, करसवलतीचा मार्ग धरला. जर्मनीने २००० च्या कायद्याने वीस वर्षांच्या ठरलेल्या खरेदीदराची हमी दिली आणि सौरऊर्जा बँकांच्या दृष्टीने कर्ज देण्याजोगा धंदा झाली.

स्पेनने २००७ मध्ये हेच अधिक उदारपणे केले. दर युनिटला ४० युरो सेंटहून अधिक, तोही २५ वर्षे. २०१० पर्यंत सुमारे ४०० मेगावॉटचे उद्दिष्ट होते. एकट्या २००८ मध्येच २,५०० मेगावॉटहून अधिक क्षमता उभी राहिली. त्या वर्षी नव्या प्रकल्पांसाठी दर घटवून वार्षिक मर्यादा घातली गेली, आणि पुढच्या वर्षी बाजार जवळपास ठप्प झाला. इथपर्यंत तक्रारीला फारशी जागा नव्हती, कारण नियम नव्यांसाठी होते.

खरा वाद त्यानंतरचा. २०१० च्या अखेरीस चालू प्रकल्पांच्या वर्षाकाठी किती तासांच्या विजेला हमीदर मिळेल यावर मर्यादा आली. २०१३ मध्ये तर हमीदरच रद्द करून 'वाजवी परतावा' ही नवी पद्धत आली. हा परतावा सरकारी रोख्यांच्या व्याजापेक्षा तीन टक्के जास्त, म्हणजे करापूर्वी सुमारे साडेसात टक्के होता. सरकारची अडचण खोटी नव्हती : ग्राहकांचे दर खर्चापेक्षा कमी ठेवल्याने वीजक्षेत्राची तूट २५ अब्ज युरोंच्या पुढे गेली होती, आणि ती तूट सौरऊर्जेच्या आधीपासून साचत होती. बदल पूर्वलक्षी नाही, दिलेला एकही युरो परत मागितलेला नाही, असा युक्तिवाद झाला. पण सगळा खर्च आधीच होऊन गेलेल्या धंद्यात पुढचे उत्पन्न कापणे म्हणजे केलेली गुंतवणूकच कापणे होय. कर्ज काढून सौर प्रकल्पांत हिस्से घेतलेले छोटे बचतदार यात सर्वांत वाईट अडकले.

परदेशी गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले. २०१० च्या कपातीवरचा पहिला निकाल २०१६ मध्ये स्पेनच्या बाजूने लागला. २०१३ च्या बदलांबाबत मात्र २०१७ पासून अनेक निकाल विरोधात गेले. भरपाईच्या वसुलीवरून वाद अजून चालू आहेत.

दरम्यान अनेक देश लिलावाकडे वळले, म्हणजे सर्वांत कमी दरात वीज देऊ करणाऱ्याला प्रकल्प. दर बाजार ठरवतो, सरकार फक्त करार करते. पण करारही मोडता येतो. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये जुन्या सौर व पवन करारांचे दर कमी करायला घेतले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. ठरलेलाच दर द्या, असा उच्च न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत २०२२ उजाडले.