यंत्रमानवाचे तीन नियम कुठून आले?

"प्रत्येक यंत्रमानवात आणि एआयमध्ये तीन नियम कायमचे बसवलेले असतात, म्हणून ते माणसाला इजा करूच शकत नाहीत." नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर हे वाक्य पुन्हापुन्हा फिरतं. शनिवारी माझ्याकडे विज्ञानकथा वाचायला येणारी नववीची मुलंही ते ठामपणे सांगतात. ते खरं नाही.

हे नियम विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्ह यांनी कथांसाठी रचले: एक, माणसाला इजा करायची नाही आणि होऊही द्यायची नाही; दोन, माणसाचा हुकूम पाळायचा; तीन, स्वतःला जपायचं. आधीचा नियम नंतरच्यापेक्षा मोठा. १९४२च्या 'रनअराउंड' कथेत ते प्रथम स्पष्ट मांडले गेले. आणि गंमत बघा, त्याच कथेत ते अडकतात! बुध ग्रहावर स्पीडी नावाच्या यंत्रमानवाला सेलेनियम आणायला पाठवतात. पण सेलेनियमच्या तळ्याजवळ त्याला धोका असतो. हुकूम पाळायचा, पण स्वतःलाही जपायचं. दोन्ही ओढी सारख्याच पडतात आणि तो तळ्याभोवती घिरट्या घालत राहतो. शेवटी एक माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालतो, तेव्हा कुठे तो भानावर येतो. हे वाचताना मुलं अगदी गप्प होतात.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या यंत्रहातालाही असे नियम ठाऊक नसतात. म्हणून तर भोवती जाळी आणि जवळ लाल बटण लागतं. चॅट करणारं एआय अफाट मजकुरातून पुढच्या शब्दाचा अंदाज बांधायला शिकतं. त्याला वळण माणसंच लावतात, नमुने दाखवून, उत्तरं पारखून. ते वळण चुकूही शकतं.

परवा एका मुलीने विचारलं, "इजा म्हणजे काय, हे यंत्राला कोण सांगणार?" पुढचा तास त्यातच गेला.