गंगाजल न उकळता प्यावं का?

‘गंगाजलात जंतू खाणारे विषाणू असतात, म्हणून ते तसंच प्यायलं तरी चालतं’ हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. त्यातला अर्धा भाग खरा आहे. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की हा गुण जातो, अशी नोंद १८९६ सालचीच आहे.

हे विषाणू म्हणजे फेज. जिवाणूला चिकटून फेज आपला डीएनए आत सोडतो, आत शेकडो पिल्लं होतात आणि जिवाणू फुटतो. पण गडी भलता चोखंदळ! पटकीचा फेज टायफॉइडच्या जिवाणूकडे ढुंकूनही बघत नाही. काविळीचा विषाणू, आमांशाचा अमीबा यांना तर फेज शिवतच नाही.

शिवाय फेज वाढतो तो जिवाणूंवरच. म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंचे फेज पाण्यात भरपूर सापडले, तर तिथे मैलाही आलाय असं समजायचं. आणि फेज काही गंगेचीच मिरास नाही; ते गावच्या ओढ्यातही असतात, गटारात तर जास्तच.

पाण्यात मैला आलाय का, हे पडताळायचंय? पाणी तपासायची एच-टू-एस बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवा. काळं पडलं, तर पिऊ नका.