लक्ष्मीबाई नवऱ्यामागे मुकाट्याने गेल्या नाहीत

कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई पदर सावरून मागोमाग गेल्या, असं आमच्या नाशकात अजूनही छातीठोकपणे सांगतात. साफ चूक!

टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १८९५ साली झाला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई मात्र हिंदूच राहिल्या. आधी ताटातूट, नातलगांची बोलणी. पुढे एकत्र संसार मांडल्यावरही बाईंचं सोवळं सुटलं नव्हतं. पाणी कोणाच्या हातचं प्यायचं, याचीच धास्ती! जात माणसांनी केली हे मनाला पटलं, तेव्हा १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बोलणी टिळकांनीही खाल्ली. तरी ख्रिस्ती झाल्यावरही भजन-कीर्तन त्यांनी सोडलं नाही. १९१७ मध्ये सोडलं ते मिशन, म्हणजे ज्या धर्मप्रचारक संस्थेत ते काम करत ती. ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं अपुरं काव्य 'ख्रिस्तायन' पुरं केलं लक्ष्मीबाईंनीच.