कासवाला पिशवी दिसते, की तिचा वास येतो?

कोकणातल्या एका पुळणीवर कॉलेजच्या मुलांनी तारेच्या जाळीचं पुरुषभर उंचीचं कासव उभं केलंय. पाठ दुधाच्या पिशव्यांची, पोटात बाटल्यांची बुचं, पुढचे पाय तुटक्या निळ्या-हिरव्या जाळ्यांचे. सगळा माल त्याच किनाऱ्यावर वेचलेला, पिंपात धुऊन, उन्हात वाळवून भरलेला. येणारे-जाणारे थांबतात, लहान पोरं बुचांचे रंग मोजतात. मला हे काम मनापासून आवडलं. शेजारी पाटी आहे : ‘पिशवी जेलीफिशसारखी दिसते म्हणून कासव ती खातं.’ त्या एका ओळीपायी हा लेख लिहायला बसलो.

ओळ खोटी म्हणता येणार नाही. पाण्यात झुलणारी पिशवी जेलीफिशसारखी दिसतेच. पण मेलेल्या कासवांच्या पोटात पिशव्यांसोबत कडक प्लास्टिकचे तुकडे आणि दोरांचे धागेही निघतात. डब्याचा तुटका तुकडा कुठल्या अंगाने जेलीफिशसारखा दिसतो? मग नजरेखेरीज आणखी काहीतरी कासवाला फसवत असलं पाहिजे. ते म्हणजे वास.

समुद्राचा म्हणून जो वास आपण ओळखतो, त्यात डायमिथाइल सल्फाइड (डीएमएस) या वायूचा मोठा वाटा आहे. कोबी उकडताना येतो, साधारण तसा तो वास. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पती प्लवक, खाऱ्या पाण्यात पेशीतला दाब सांभाळायला डीएमएसपी नावाचं गंधकयुक्त संयुग साठवून ठेवतात. त्यांना खायला झिंग्यांचे बारीक भाईबंद, म्हणजे प्राणी प्लवक, येतात. ते चरायला लागले की पेशी फुटतात. फुटलेल्या पेशीतलं विकर आणि बाहेरच्या जिवाणूंची विकरं डीएमएसपीवर तुटून पडतात, त्याचे दोन भाग होतात आणि त्यातला एक म्हणजे डीएमएस. तो पाण्यातून निसटून हवेत येतो. (तिथे त्याचं ऑक्सिडीकरण होऊन सल्फेटचे कण बनतात, आणि त्या कणांभोवती ढगांचे थेंब धरतात. एका पेशीच्या मरणाचा धागा पावसापर्यंत जातो, हे मला आजही थक्क करतं.)

आता भुकेल्या प्राण्याच्या बाजूने पाहा. जिथे डीएमएस, तिथे चरणं चालू. जिथे चरणं चालू, तिथे झिंगे, आणि झिंग्यांमागे मासे. अथांग पाण्यात जेवण शोधायला याहून भरवशाची खूण नाही. पेट्रेलसारखे समुद्रपक्षी या वासाच्या मागावर जातात, हे 1990 च्या दशकातच प्रयोगांनी दाखवलं होतं. लाखो वर्षं हे गणित बरोबर येत होतं.

त्यात प्लास्टिक आलं. समुद्रात पडलेल्या तुकड्यावर काही तासांत सेंद्रिय द्रव्यांचा थर बसतो, त्यावर जिवाणू ठाण मांडतात, मागून डायटम आणि इतर शैवालं येतात. हात लावला की बुळबुळीत लागतो तो हाच थर. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे मणी जाळीच्या पिशव्यांत घालून सुमारे तीन आठवडे समुद्रात ठेवले. कोऱ्या मण्यांना डीएमएसचा वास नव्हता. समुद्रातून काढलेल्यांना होता. 2020 मध्ये अमेरिकेत लॉगरहेड जातीच्या कासवांवर प्रयोग झाला. टाकीवरच्या हवेत निरनिराळे वास सोडले. खाद्याचा आणि समुद्रात मुरलेल्या प्लास्टिकचा वास आला की कासवं नाकपुड्या पाण्याबाहेर जास्त वेळ धरून राहत. कोऱ्या प्लास्टिकला ती तशी बधली नाहीत. वेळास, आंजर्ले, गुहागरला अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले हे याच लॉगरहेडचं जवळचं भावंड.

एकदा तोंडात घेतलं की माघार कठीण. समुद्री कासवाच्या अन्ननलिकेत आत वळलेले टोकदार काटे असतात. घास आत राहून खारं पाणी तेवढं बाहेर जावं, अशी ती सोय आहे. पिशवीही त्यातच अडकते.

आणि भेट होते ती बहुधा दूर. 2023 मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावलेली ‘बागेश्री’ ही ऑलिव्ह रिडले मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. तिच्या वाटेत येणारं प्लास्टिक बरेच दिवस पाण्यात मुरलेलं असणार. म्हणजे निर्माल्य पायदळी जाऊ नये म्हणून आपण पिशवीसकट खाडीत सोडतो, तेव्हा फुलं आठवड्याभरात कुजतात आणि मागे उरते ती अन्नाचा वास धरणारी पिशवी. यात पुण्य कसलं? फुलं परसात माडाच्या आळ्यात घाला, देव रागावणार नाही. ‘समुद्र कुणाचं ठेवून घेत नाही, सगळं परत करतो’ हेही आपण फार अभिमानाने सांगतो. थर जाड होऊन त्यावर शिंपले-बार्नॅकल वाढले की तरंगतं प्लास्टिकही जड होऊन बुडतं. उधाणाला किनाऱ्यावर येतो तो फक्त एक हिस्सा.

म्हणून त्या मुलांना एक सुचवायचंय. तुमचं कासव धुतलेलं आहे, त्यामुळे त्यात मुख्य गोष्टच नाही. कांद्याच्या जाळीदार पोत्यात पिशव्या, बुचं आणि दोराचे तुकडे घाला, तोंड घट्ट शिवा आणि जेट्टीवाल्यांना विचारून तीन आठवडे पाण्यात बांधून ठेवा. पावसाळ्यात नको, पोतं वाहून जाईल. काढल्यावर वाळू न देता झाकणाच्या डब्यात भरा आणि कासवाशेजारी ठेवा; शेजारच्या डब्यात तेच प्लास्टिक कोरं. बघायला येणाऱ्यांनी दोन्ही झाकणं उघडून हुंगावं. थर थोडा खरवडून काचपट्टीवर घेतलात तर शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीही होडीच्या आकाराचे सोनेरी-तपकिरी डायटम दिसतात. हातमोजे घाला, आणि पाटीवरच्या ओळीत ‘दिसते’च्या पुढे ‘आणि तिला अन्नाचा वास येतो’ एवढं वाढवा.