आघातानंतरचे उपचार : ‘बोलते करण्या’च्या आग्रहाची पार्श्वभूमी

मानसिक आघातावरील उपचारांची तुलना करताना आज दीर्घकालीन एक्सपोजर (घटना पुन्हा पुन्हा सांगण्याचा उपचार), सीपीटी (मनात अडकलेले विचार तपासण्याचा) आणि ईएमडीआर (नजरेच्या हालचालींसह आठवण हाताळण्याचा) ही तीन नावे प्रथम घेतली जातात. या तुलनेला खरी शिस्त लागली ती मात्र आज यादीतून बाद झालेल्या एका चौथ्या पद्धतीमुळे, असे माझे मत आहे. ती पद्धत म्हणजे डीब्रीफिंग, अर्थात भीषण प्रसंगानंतर लगेचच त्याविषयी बोलते करणारी बैठक.

पहिल्या महायुद्धातील ‘शेल शॉक’पासून (युद्धभूमीवरील सैनिकांच्या मानसिक पडझडीपासून) व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांपर्यंतचा प्रवास आणि १९८० साली पीटीएसडीला (आघातानंतर जडणाऱ्या ताणविकाराला) अधिकृत निदान म्हणून मिळालेली मान्यता सर्वपरिचित आहे. निदानाला नाव मिळताच ‘हा विकार मुळात होऊच नये म्हणून काही करता येईल का?’ हा प्रश्न पुढे आला आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला एक उत्तर मांडले गेले. अग्निशमन दलाचे जवान किंवा रुग्णवाहिकेवरील कर्मचारी भीषण प्रसंगातून परतले की साधारण २४ ते ७२ तासांत त्यांना एकत्र बसवायचे आणि ठरलेल्या सात टप्प्यांतून न्यायचे, अशी ती योजना होती. आधी बैठकीची ओळख, मग प्रत्येकाने काय घडले ते सांगायचे, मग त्या क्षणी मनात आलेला पहिला विचार, मग सर्वांत असह्य वाटलेली गोष्ट. त्यानंतर जाणवणारी लक्षणे, ती स्वाभाविक असल्याची माहिती आणि शेवटी कामावर परतण्याची तयारी. एकमेकांना ओळखणाऱ्या, एकाच कामावरच्या माणसांचा हा गट असे, ही बाब पुढील वादात कळीची ठरली.

योजना झपाट्याने पसरली. मन मोकळे केले की हलके वाटते, दुःख आत कोंडून ठेवू नये, ही समजूत आपल्याकडेही घराघरांत आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. त्यामुळे फारशा कोणाला या पद्धतीविषयी शंका घ्यावीशी वाटली नाही. पाहता पाहता बँकेवरील दरोड्याचे साक्षीदार, अपघातातील जखमी, प्रसूतीत त्रास झालेल्या स्त्रिया अशा सर्वांसाठी तिचा एका बैठकीचा, वैयक्तिक अवतार वापरात आला. काही नोकऱ्यांत तर बैठकीस हजर राहणे सक्तीचे झाले.

१९९७ मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासाने या उत्साहाला मोठा धक्का दिला. भाजल्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या १३३ प्रौढांची यादृच्छिक विभागणी करून एका गटाला डीब्रीफिंग देण्यात आले, दुसऱ्याला नाही. ज्याच्या हातापायांना अजून पट्ट्या आहेत, ड्रेसिंग बदलताना ज्याचा जीव कासावीस होतो, अशा माणसाला आग लागल्याचा क्षण तपशीलवार आठवायला सांगणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. तेरा महिन्यांनंतर डीब्रीफिंग मिळालेल्यांपैकी २६ टक्के जणांना, तर न मिळालेल्यांपैकी ९ टक्के जणांना पीटीएसडी आढळला.

या आकड्यांवर आक्षेप आले आणि ते पोकळ नव्हते. डीब्रीफिंग मिळालेल्या गटातील रुग्ण मुळातच अधिक गंभीर भाजलेले आणि आरंभी अधिक त्रासात होते, हे अभ्यासकांनी स्वतःच नोंदवले होते. पद्धतीच्या समर्थकांचा दुसरा मुद्दा शब्दाविषयीचा होता. बचाव पथकांच्या गटासाठी आखलेली बहुटप्पी योजना आणि खाटेवरच्या एकट्या रुग्णाशी झालेली एकच बैठक या दोहोंना ‘डीब्रीफिंग’ म्हटल्याने एकीचा दोष दुसरीच्या माथी मारला गेला, असे ते म्हणत. हा गोंधळ खरा होता. मराठीत तो आणखी वाढतो, कारण ‘आघात’ हा शब्द आपण घटनेसाठीही वापरतो आणि तिने मनावर केलेल्या परिणामासाठीही. जुन्या बोलीतला ‘धसका’ त्या मानाने नेमका आहे : एकाच प्रसंगातून गेलेल्या सर्वांनाच तो बसत नाही.

तरीही समर्थकांच्या बचावाने माझे समाधान होत नाही. २००० साली रस्ते अपघातातील जखमींचा तीन वर्षांनंतरचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. आरंभी तीव्र लक्षणे असलेल्यांपैकी ज्यांना डीब्रीफिंग मिळाले ते त्रासातच राहिले, तर ज्यांना काहीच मिळाले नव्हते ते सावरले होते. पहिल्या काही आठवड्यांतील दुःस्वप्ने, दचकणे, झोप उडणे हे बहुतेकांच्या बाबतीत आपोआप ओसरते. मन घटनेपासून थोडे अंतर राखत असताना त्याला एकदाच, ठरल्या वेळी, तिच्याकडे ओढून नेण्याचा धोका येथे दिसला. २००२ मधील एका व्यापक आढाव्याने आघातग्रस्तांवर डीब्रीफिंगची सक्ती थांबवावी असे म्हटले. २००५ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी एका बैठकीचे डीब्रीफिंग सरसकट देऊ नये, लक्षणे सौम्य आणि चार आठवड्यांहून कमी काळाची असल्यास लक्ष ठेवून थांबावे आणि महिन्याभरात पुन्हा भेटावे, असा सल्ला दिला. ‘थांबावे’ हाही उपचाराचा निर्णय असू शकतो, ही मान्यता मला फार मोलाची वाटते.

या धड्यानंतर तुलनेचे निकष कडक झाले. दीर्घकालीन एक्सपोजरमध्येही घटना पुन्हा सांगायची असते, पण ती निदान झाल्यावर, आठवड्यांमागून आठवडे, डोळे मिटून वर्तमानकाळात; मग त्या कथनाचे ध्वनिमुद्रण रोज घरी ऐकायचे. सीपीटीत ‘चूक माझीच होती’ यांसारखे अडकलेले विचार तपासले जातात. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून थेरपिस्टच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांचा नजरेने मागोवा घेतला जातो. त्या हालचालींनी नेमके काय साधते हा वाद मिटलेला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने पहिल्या दोहोंची ठाम आणि ईएमडीआरची सशर्त शिफारस केली, तर त्याच वर्षी तेथील माजी सैनिकांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी तिन्हींना एका रांगेत बसवले.

२०२२ मध्ये ९१६ माजी सैनिकांवरील चाचणीत एक्सपोजर आणि सीपीटी समोरासमोर आले. एक्सपोजर आकडेवारीत किंचित पुढे राहिले, पण रुग्णाच्या जगण्यात जाणवावा एवढा तो फरक नव्हता. उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण मात्र एक्सपोजरमध्ये सुमारे ५६ टक्के आणि सीपीटीमध्ये सुमारे ४७ टक्के होते.