शीव की सायन? महामार्गांवरच्या पाट्यांची पार्श्वभूमी

ठाण्याहून मुंबईत येताना एक पाटी ‘शीव’ म्हणते, दुसरी ‘सायन’. गाव एकच. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपायचं आणि पुढे साष्टी बेट लागायचं. रेल्वेने हा पेच तीन ओळींत सोडवला आहे: मराठीत शीव, हिंदीत सायन, शिवाय इंग्रजी. रस्त्यावरच्या पाटीला एवढी चैन परवडत नाही. धावत्या गाडीतून ती दोन-चार सेकंदांत वाचून व्हावी लागते, म्हणून देवनागरीची एकच ओळ. मराठी आणि हिंदीची लिपी एक असल्याने ती ओळ कुठल्या भाषेची, हे मजकूर लिहून देणाऱ्यावर अवलंबून. वांद्रे-बांद्रा हा घोळही त्यातलाच.

मुंबईतले सर्वांत जुने मार्गदर्शक दगडाचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मैल मोजले आणि काळ्या दगडांवर रोमन आकडे कोरले. (चर्चगेट हे नावही याच चर्चमुळे पडलेलं.) पुढे रस्ते थरावर थर चढून उंच होत गेले आणि दगड जमिनीत बुडाले. त्यातले काही अलीकडे खणून वर काढले आहेत. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि मैलांच्या जागी किलोमीटर बसले, तरी आपण म्हणतो ‘मैलाचा दगड’च. त्याच्या डोक्याचा रंग बघायला मात्र फारसं कुणी शिकवत नाही: पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग.

पाट्यांवरची चिन्हं आणि रंग ठरवते इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची 67 क्रमांकाची संहिता. तिच्यानुसार द्रुतगती मार्गाच्या दिशादर्शक फलकाची जमीन निळी, राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाची हिरवी. पण नियम रंगाचा असतो, सवयीचा नसतो. 2010 मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. गोव्याचा 17 नंबर 66 झाला; अहमदाबादकडचा 8 आणि पुण्याकडचा 4 हे दोन्ही 48 मध्ये विलीन झाले. कोकणात निघालेल्यांच्या तोंडी मात्र अजून ‘एनएच सतरा’.

नावांचं मराठीकरण हे आणखी एक प्रकरण. एक्स्प्रेसचं ‘द्रुतगती’ झालं. शब्द चांगला आहे, पण पाटीबाहेर तो कुणी उच्चारत नाही. मुंबईतल्या दोन एक्स्प्रेस हायवेंना आपण ‘ईस्टर्न’, ‘वेस्टर्न’ म्हणून मोकळे होतो. 2013 मध्ये ईस्टर्न फ्रीवे सुरू झाला, त्याचं झालं ‘पूर्व मुक्त मार्ग’. इथलं ‘मुक्त’ म्हणजे सिग्नलपासून मुक्त, आणि टोलही नाही. फक्त या मुक्त मार्गावर दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे.