घाटासाठी हलका गिअर: दात्यांचे गणित

इंदूरच्या सायकलस्वाराला चढाची खरी ओळख शहरात होत नाही. माळव्याचे पठार साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर बरेचसे सपाट पसरले आहे आणि त्यावर रोड बाईकचा जड गिअरही सुखाने ओढता येतो. महूच्या पुढे जाम दरवाजापाशी मात्र हे पठार संपते आणि रस्ता निमाडात उतरतो. नर्मदेचे दर्शन घेऊन मंडलेश्वरहून परतताना विंध्याचा तोच घाट चढावा लागतो, आणि पुढे ३९ व मागे २५ दात्यांपर्यंतच गिअर असलेली सायकल तिथे भल्याभल्यांना खाली उतरवते.

पुढच्या चकतीच्या दात्यांना मागच्या चकतीच्या दात्यांनी भागले की पेडलच्या एका फेरीत मागचे चाक किती वेळा फिरते ते कळते. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरला, तर ३९-२५ वर एका फेरीत सायकल सव्वातीन मीटर पुढे जाते आणि ३४-३२ वर सव्वादोन मीटर. आता स्वार व सायकल मिळून ८५ किलो आणि चढ ६ टक्के असेल, तर सुमारे ५४ न्यूटन बल मागे खेचत असते. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, त्यासाठी ३९-२५ मध्ये पेडलवर सरासरी १६६ न्यूटन जोर लागतो, ३४-३२ मध्ये ११३. घाट चढण्याचे एकूण काम तेवढेच राहते, फक्त ते अधिक फेऱ्यांत वाटले जाते. मिनिटाला ६० फेऱ्या राखायच्या तर ३९-२५ वर सुमारे १८५ वॅट शक्ती हवी, ३४-३२ वर १२५ वॅट पुरतात. ज्याच्या पायांत १२५ वॅटच आहेत, त्याच्या फेऱ्या जड गिअरमध्ये चाळिशीपर्यंत घसरतात आणि गुडघ्यावर ताण येतो तो तिथेच.

स्वस्त आणि सोपा बदल कॅसेटचा, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचाचा, आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. पण मोठी कॅसेट आणून बसवली आणि काम झाले, असे होत नाही, कारण मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला, दोन मर्यादा असतात. तो जास्तीत जास्त किती दात्यांच्या चकतीखाली मावेल ही पहिली, आणि चेनचा किती ढिलेपणा गोळा करू शकेल ही दुसरी. ही दुसरी मर्यादा काढताना पुढच्या दोन चकत्यांमधला फरक आणि मागच्या सर्वांत मोठ्या व लहान चकतीमधला फरक यांची बेरीज करतात. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ असा संच असेल तर १६ आणि २३ मिळून ३९ होतात. शिमानो कंपनीच्या १०५ आर७००० मालिकेतला लांब पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे डिरेलरचा चेन ताणून धरणारा खालचा भाग) डिरेलर नेमका ३९ पर्यंत आणि ३४ दात्यांपर्यंत चालतो. त्याच मालिकेतला आखूड पिंजऱ्याचा ३५ वर आणि ३० दात्यांवर थांबतो. दुसरा डिरेलर घ्यायचा झाला तर तो आपल्या शिफ्टरइतकीच, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलण्याच्या खटक्याइतकीच, केबल ओढून घेणारा हवा. शिमानोचा दहा गिअरचा माउंटन बाईकचा डिरेलर दहा गिअरच्या रोड शिफ्टरशी जुळत नाही, गिअर मधेच अडकतात.

पुढची चकती बदलण्याआधी ती ज्या बोल्टनी क्रँकला बसते त्यांच्या वर्तुळाचा व्यास पाहावा. जुन्या १३० मिलिमीटरच्या पाच बोल्टच्या क्रँकवर ३८ पेक्षा लहान चकती बसत नाही, त्यामुळे ३९ वरून ३८ वर येण्यासाठी केलेला खर्च माझ्या मते वायाच जातो. ११० मिलिमीटरच्या क्रँकवर ३४ बसते, पण त्यासाठी बहुधा सगळा क्रँकच बदलावा लागतो आणि पुढचा डिरेलरही खाली सरकवावा लागतो. वेग कमी होईल ही भीती मात्र अनाठायी आहे, कारण ५०-११ वर मिनिटाला ९० फेऱ्यांत ताशी ५१ किलोमीटरचा वेग मिळतो आणि तो उतारावरच उपयोगी पडतो.

मागे मोठी कॅसेट आली की जुनी चेन आखूड पडू शकते. म्हणून सायकल स्टँडवर चढवून पेडल हाताने सावकाश फिरवावे आणि चेन पुढच्या व मागच्या मोठ्या चकत्यांवर न्यावी. डिरेलरचा पिंजरा पुढे पूर्ण ताणला गेला तर चेन लांब हवी, नाहीतर रस्त्यावर चुकून तो गिअर पडताच डिरेलर मोडेल. मग दोन्ही लहान चकत्यांवर चेन आणून ती खाली लोंबते का ते पाहावे. तिथे थोडी लोंबली तरी चालेल, तो गिअर वापरू नये. मोठ्या-मोठ्या जोडीत मात्र तडजोड करू नये.